अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर बदलताय? या चुका टाळा

नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या छळातून बाहेर पडलेल्या अनेक जणींच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे नोकरी, कर, बँक यांत लागणारा सरकारी ओळख नंबर) बदलला की तो मला शोधू शकणार नाही. नंबर बदलून मिळतो, हे खरं. पूर्वी त्यासाठी जुन्या नंबराचा गैरवापर झाल्याचं दाखवावं लागे. १९९८मध्ये ती अट सैल झाली आणि छळाचा किंवा जिवाच्या धोक्याचा पुरावा पुरेसा ठरू लागला. पण गोची होते ती कामाच्या क्रमात.

आधी नंबर, मग नाव

हा क्रम उलटा आहे. नाव बदलायचं असेल तर ते आधी बदला आणि मगच नव्या नंबरासाठी अर्ज करा. नाहीतर नवा नंबर जुन्या नावासकट बँकेत, नोकरीत, विम्यात जाऊन बसतो आणि पुढे नाव बदललं की दोन्ही नावं एकाच नंबराखाली दिसतात. आणखी एक खाच आहे. बऱ्याच राज्यांत नावबदलाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते. म्हणजे लपायचंय ते जाहीर करून! छळाच्या प्रकरणात त्यातून सूट मिळू शकते, नोंद गोपनीय ठेवता येते. पण हे अर्ज दाखल करण्याआधी विचारायचं असतं, छापून आल्यावर नाही.

झेरॉक्सची फाईल घेऊन जाणं

अर्ज प्रत्यक्ष सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊनच करावा लागतो. फॉर्म तोच, साध्या कार्डाचा एसएस-५, आणि फी शून्य. कोणी ‘करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल तर उठून या. वय, ओळख आणि नागरिकत्व किंवा इमिग्रेशनचा दर्जा दाखवणारे कागद मूळ लागतात, नाहीतर ज्या कचेरीने दिले तिनेच प्रमाणित केलेली प्रत. नोटरीचा शिक्का चालत नाही. आपल्याकडच्या सवयीने इथेच जास्त लोक परत फिरतात.

नंबर का हवाय, याचं निवेदनही द्यायचं असतं. ते लिहायला ऑफिसातले लोक मदत करतात.

‘पोलिसांत गेलेच नाही, मग पुरावा कुठला?’

आपल्या लोकांत हे फार ऐकू येतं. पोलीस रिपोर्ट किंवा कोर्टाचा मनाई हुकूम असेल तर उत्तमच. नसेल तर डॉक्टर, निवारा केंद्र, समुपदेशक, अगदी प्रकार माहीत असलेले नातेवाईक आणि मैत्रिणी यांची पत्रंही चालतात. फक्त पत्रात मजकूर हवा. ‘ती फार चांगली मुलगी आहे, तिला मदत करावी’ याने काहीच सिद्ध होत नाही. ‘मार्चमध्ये दोनदा रात्री ती माझ्याकडे आली, डावं मनगट सुजलेलं होतं, पहाटेपर्यंत त्याचे फोन येत होते’ हे पत्र कामाचं.

मुलांचेही नंबर बदलायचे असतील तर ताबा तुमच्याकडे असल्याचा कागद न्या. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असून कामाची परवानगी कधीच नसेल, तर तुमच्याकडे बहुधा आयटीआयएन असेल. तो आयआरएसचा, म्हणजे कर खात्याचा नंबर, ही प्रक्रिया त्याला लागू नाही.

नवा नंबर स्वतःच त्याच्या हातात देणं

हसू नका, हे घडतं. घटस्फोट झालेला नसतो, एप्रिल येतो, कराचं रिटर्न भरायचं असतं आणि ‘एवढं वर्ष जॉइंट (दोघांचं एकत्र) भरू’ असं ठरतं. त्या रिटर्नवर दोघांचे नंबर असतात आणि सही दोघांची. त्यात सीपीए, म्हणजे कराचं काम करणारा हिशेबनीस, दोघांच्या ओळखीतला असला तर बघायलाच नको. वेगळं रिटर्न भरा आणि सीपीए बदला.

तशीच गत त्याच्या नावावरच्या आरोग्य विम्याची. तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे गेलात, याचा तपशील त्याच्या घरच्या टपालात पडतो. फॅमिली प्लॅनवरचा फोनही तसाच.

जुनं सगळं आपोआप पुसलं जाईल असं समजणं

सोशल सिक्युरिटीकडे जुना नंबर नव्याशी जोडलेलाच राहतो, त्यामुळे आजवरच्या कमाईची नोंद बुडत नाही. पण बँक, नोकरीतला मालक, डीएमव्ही (ड्रायव्हिंग लायसन्स देणारं खातं) यांना आपणच कळवायचं असतं. एकदा नवा मिळाला की जुना कुठेही वापरायचा नाही. क्रेडिट हिस्टरी (कर्ज घेतल्या-फेडल्याची नोंद) नव्या नंबरावर कोरी असते, त्यामुळे घर भाड्याने घेताना अडतं. जुनी हिस्टरी जोडून घेतली तर दोन नंबरांचा धागा तिथेच राहतो. यात सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. धोका किती आहे, त्यावर ठरवा. कर्ज बुडवायला मात्र नवा नंबर मिळत नाही.

हे सगळं एकटीने ठरवू नका. राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते, दुभाषीही मिळतो. फोन मात्र त्याला न दिसणाऱ्या नंबरावरून करा.

आणि एसएस-५ वरचा पत्त्याचा रकाना दोनदा वाचा. नवं कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर येतं, आणि सवयीने हात जुनाच पत्ता लिहून जातो. पोस्ट ऑफिसची पेटी घ्या, किंवा तुमच्या राज्यात पत्ता गुप्त ठेवण्याची योजना असेल (कॅलिफोर्नियात ‘सेफ ॲट होम’ आहे) तर त्यात आधी नाव नोंदवा, मग ऑफिसात जा.