किंग क्रिमसन ऐकायचंय? मग अल्बमच्या आधी तारीख बघायला शिका

किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचे स्टुडिओ अल्बम मोजून तेरा, १९६९ ते २००३, आणि तेवढेच ऐकायचे असतील तर या लेखाची गरजच नाही, निवांत ऐका. डोक्याला ताप सुरू होतो तो त्यानंतर. एकाच अल्बमची ३०व्या वर्षाची आवृत्ती, मग ४०व्या, मग ५०व्या, त्याच काळातल्या कॉन्सर्टचे वीस-पंचवीस डिस्कचे बॉक्स सेट, वेगळे लाइव्ह अल्बम, वर तारखेनिहाय डाउनलोड, आणि जुने फॅन बोलताना अल्बमची नावं घेतच नाहीत, ते म्हणतात "प्रॉव्हिडन्स घे, अ‍ॅम्स्टरडॅम घे", म्हणजे त्या त्या गावातला कॉन्सर्ट. नवीन माणसाला वाटतं हे लोक मुद्दाम शिष्टपणा करतायत. तसं नाहीये (थोडं आहे). हा बँड मुळात स्टेजवरचा, अल्बम म्हणजे त्या वर्षी काय चाललं होतं त्याची पावती. म्हणून तारीख महत्त्वाची.

तर पहिलं काम म्हणजे लाइनअप (त्या काळात बँडमध्ये कोण कोण होतं ते) निवडा, अल्बम नाही. गिटारवाला रॉबर्ट फ्रिप सोडला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेला एकही माणूस नाही आणि दर काही वर्षांनी बँडच वेगळा होतो. १९६९ चा ग्रेग लेक, इयन मॅकडोनाल्डवाला बँड वर्षभरसुद्धा टिकला नाही. १९७१-७२ ला मेल कॉलिन्सचा सॅक्सोफोन आणि बोझ बरेल. १९७२ ते ७४ ला बिल ब्रुफर्ड (ड्रम), जॉन वेटन (बेस आणि गायन), डेव्हिड क्रॉस (व्हायोलिन), सुरुवातीचे काही महिने जेमी म्युर. १९८१ ते ८४ फ्रिप, ब्रुफर्ड आणि दोन अमेरिकन, एड्रियन बिलू (गिटार आणि गायन) नि टोनी लेव्हिन (बेस). मग नव्वदीतला सहाजणांचा डबल ट्रिओ, आणि शेवटी २०१४ ते २०२१ चा तीन ड्रमरवाला. एकाच्या आवडीवरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका, १९७१ चा 'आयलंड्स' आवडलेल्या माणसाला १९८१ चा 'डिसिप्लिन' दिला तर तो विचारेल हा तोच बँड कशावरून.

मला विचाराल तर सुरुवात ७२-७४ पासून. कारण सोपं आहे, याच लाइनअपमध्ये रेकॉर्ड आणि कॉन्सर्ट यांचं नातं सगळ्यात मजेशीर आहे. 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' हा १९७४ चा अल्बम स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला, पण त्यात पूर्णपणे स्टुडिओत केलेली गाणी दोनच, 'द ग्रेट डिसीव्हर' आणि 'लॅमेंट'. बाकी बरंचसं कॉन्सर्टमधलं, प्रेक्षकांचा आवाज काढून टाकलेलं. 'फ्रॅक्चर', 'ट्रिओ' आणि अल्बमच्या नावाचा तुकडा हे तिन्ही २३ नोव्हेंबर १९७३ च्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ हॉलमधले. ती अख्खी रात्र १९९७ मध्ये 'द नाइट वॉच' या नावाने आली. आता हे दोन शेजारीशेजारी ठेवून ऐका, आधी अल्बम मग ती रात्र. 'ट्रिओ'मध्ये ब्रुफर्ड अख्खा तुकडाभर ड्रमस्टिक छातीशी धरून गप्प बसला होता, एकही ठोका नाही, आणि तरी त्याला रचनेचं क्रेडिट मिळालं, कारण न वाजवणं हाच त्याचा भाग होता. हे अल्बमवर नुसतं एक शांत गाणं वाटतं. अख्ख्या कॉन्सर्टच्या गदारोळात ऐकलं की कळतं तो किती मोठा निर्णय होता.

दुसरी युक्ती, जी मी सगळ्यांना सांगतो: एक गाणं, तीन तारखा. 'स्टारलेस' घ्या. 'रेड' अल्बमवरचं व्हर्जन १९७४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत झालं, तोपर्यंत डेव्हिड क्रॉस बँडबाहेर गेला होता आणि मेल कॉलिन्स, इयन मॅकडोनाल्ड पाहुणे म्हणून सॅक्सोफोन घेऊन आले. पण गाणं त्याआधीच टूरवर वाजत होतं, तेव्हा सॅक्सोफोन नाही, क्रॉसचं व्हायोलिन. ते ऐकायला 'यूएसए' या लाइव्ह अल्बमची २००२ नंतरची आवृत्ती घ्या, १९७५ च्या मूळ एलपीवर हे गाणं नव्हतंच. तिसरी तारीख २०१४ नंतरची कुठलीही, जॅको जॅकझिक गातो, मेल कॉलिन्स परत आलेला, आणि गाणं टिपेला पोचताना स्टेजवरचे दिवे लाल होतात. त्या टूरमध्ये प्रकाशयोजना म्हणजे तेवढीच. तीन ऐकून झाली की मधला तो एकाच सुरावर हळूहळू चढत जाणारा भाग नीट ऐका, कोण कधी धीर सोडतो आणि कोण ताणून धरतो, सगळा फरक तिथे आहे.

'यूएसए'बद्दल एक लक्षात ठेवायचं. बहुतेक भाग २८ जून १९७४ चा, अ‍ॅस्बरी पार्कचा, पण रिलीज करताना क्रॉसच्या व्हायोलिनच्या काही जागी एडी जॉबसनने स्टुडिओत नवीन वाजवलेलं आहे. मूळ रात्र हवी असेल तर त्या कॉन्सर्टचं पूर्ण रेकॉर्डिंग वेगळं आलंय, ते घ्या. क्रॉसची अवस्था तिथे ऐकू येते, वेटन आणि ब्रुफर्ड इतके जोरात वाजवायचे की फ्रिप त्यांना उडती विटांची भिंत म्हणायचा, त्यात बिचारं व्हायोलिन काय करणार. शिवाय मेलोट्रॉन. टेपवर चालणारं ते वाद्य मधेच बेसूर व्हायचं. वैतागू नका, त्या काळच्या टूरचा तो भागच आहे.

इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे जागेवर सुचेल ते वाजवणं, टाळू नका ही तिसरी गोष्ट. बरेच जण 'इझी मनी' नि 'एक्झाइल्स' ऐकून मधले अनोळखी नावाचे ट्रॅक ढकलतात, आणि सोनं तिथेच असतं. यातल्या बऱ्याच तुकड्यांना नावं नंतर दिलेली, पुष्कळदा गावाचीच. 'रेड'वरचा 'प्रॉव्हिडन्स' म्हणजे ३० जून १९७४ ला त्या गावात जागेवर सुचलेलं वादन, आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात या लाइनअपचा शेवटचा कॉन्सर्ट झाला. १९९२ चा 'द ग्रेट डिसीव्हर' हा चार सीडींचा सेट ७३-७४ च्या या सगळ्यासाठी आजही पुरेसा आहे, प्रॉव्हिडन्स त्यात आहे. बजेट कमी असेल तर हा एक सेट घ्या आणि वर्षभर गप्प बसा.

आता आवाजाची प्रत. कुठलंही जुनं रेकॉर्डिंग घेण्याआधी ते कशावरून बनलंय ते बघा. मल्टिट्रॅक टेप (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर) असेल तर डोळे मिटून घ्या, साउंडबोर्ड (हॉलच्या मिक्सरवरून थेट घेतलेलं) असेल तर ठीक, गायन पुढे नि ड्रम मागे असं काहीतरी असणार, आणि प्रेक्षकातून कुणीतरी कॅसेटवर केलेलं असेल तर ते अभ्यासाला. 'अर्थबाउंड' हा १९७२ चा लाइव्ह अल्बम कॅसेटवर रेकॉर्ड केलेला, आवाज इतका ओबडधोबड की अमेरिकेत अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने तो काढायलाच नकार दिला. मला मात्र तो तसाच आवडतो, बोझ बरेल त्यात असा ओरडतो की साफ आवाजात ती मजा गेली असती. पण सुरुवात तिथून करू नका.

मग रिइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या. स्टिकरवर रीमास्टर लिहिलंय की नवीन मिक्स हे आधी वाचा, सगळे पैसे इथे वाया जातात. रीमास्टर म्हणजे तयार झालेली स्टिरिओ टेपच पुन्हा नीट करून दिलेली. नवीन मिक्स म्हणजे सुट्या ट्रॅकपासून सगळं पुन्हा जुळवलेलं, वाद्यांच्या जागासुद्धा बदलू शकतात. क्रिमसनमध्ये हे काम २००९ पासून मुख्यतः स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने केलं, ४०व्या वर्षाच्या सीडी आणि डीव्हीडीच्या जोड्या त्याच. पहिल्या अल्बमची तर वेगळीच कथा, त्याची पहिल्या पिढीची स्टिरिओ मास्टर टेप कित्येक वर्षं सापडतच नव्हती, ती मिळाल्यावर २००४ मध्ये त्यावरून आवृत्ती आली. म्हणजे मूळ मिक्सच हवं असेल तर २००४ च्या आधीची सीडी घेण्यात अर्थ नाही. आणि नवीन मिक्स हवं असेल तर विल्सनने हा अल्बम दोनदा केलाय, २००९ आणि २०१९, त्यातला दुसरा घ्या. सगळ्यात मोठा फरक 'लिझर्ड'मध्ये पडतो, मूळ मिक्समध्ये सगळी वाद्यं एकमेकांच्या पायात येतात, नव्यात प्रत्येकाला जागा मिळालीय, तो अल्बम आवडत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा हा ऐकून बघावा. 'रेड'चं उलट. २००९ ला त्याचं फक्त सराउंड (चहूबाजूंच्या स्पीकरसाठीचं) मिक्स केलं, नवीन स्टिरिओ २०१३ मध्ये आलं, आणि मला अजून जुनंच बरं वाटतं, त्याची घुसमट हीच त्याची ताकद.

मोठे खोके घ्यायचे का? 'लार्क्स टंग्स'चा १५ डिस्कचा, 'रोड टू रेड' २४, 'स्टारलेस' २७, 'सेलर्स टेल्स' २७, १९६९ च्या सेशनचा २६. घेणार असाल तर आधी ट्रॅकलिस्ट उघडा आणि तुमच्याकडे आधीच काय आहे ते खोडा, कारण 'ग्रेट डिसीव्हर'मधले कॉन्सर्ट पुढच्या खोक्यांत परत येतात. शिवाय एका टूरमध्ये गाणी रोज जवळपास तीच, सलग चार डिस्क लावल्या की चौथ्या 'लॅमेंट'ला माणूस उठून जातो. एका बैठकीत एकच कॉन्सर्ट, पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत, क्रम न बदलता. बॉक्स परवडत नसेल तर बँडच्या डीजीएम कंपनीकडून सुटे कॉन्सर्ट तारखेनुसार डाउनलोड मिळतात, आणि मुख्य कॅटलॉग २०१९ पासून स्ट्रीमिंगवर आहे. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आधी तारीख टाका, मग गाव. सगळं आपोआप टूरच्या क्रमाने लागतं.

शेवटच्या बँडसाठी 'मेल्टडाउन' पुरे, जुलै २०१७ मेक्सिको सिटी, आठ जण, ब्लू-रेसकट. तिन्ही ड्रमर पुढे, बाकीचे मागे उंचावर, ही मांडणी बघितल्याशिवाय नुसत्या आवाजातून कोण काय वाजवतोय ते कळत नाही. प्रेक्षकांनी काढलेले व्हिडिओ शोधत बसू नका, फोन आणि कॅमेऱ्याला बंदी होती, शेवटी टोनी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा बाहेर काढला की मगच लोकांनी फोटो काढायचे. टाळ्याबिळ्या नको असतील तर २०१६ चा 'रॅडिकल अ‍ॅक्शन', त्यात प्रेक्षक पुसून टाकलेत, १९७४ चीच जुनी खोड.

हा बँड ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत थांबला. आता प्रत्यक्ष जे बघायला मिळतं ते म्हणजे बीट हा बँड, २०२४ पासून, बिलू, लेव्हिन, गिटारवर स्टीव्ह वाय आणि ड्रमवर डॅनी केरी, फक्त ऐंशीच्या दशकातली गाणी. फ्रिप त्यात नाही, नाव मात्र त्यानेच सुचवलेलं. जायचं ठरलं तर आधी 'अ‍ॅब्सेंट लव्हर्स' ऐकून जा, मॉन्ट्रियल, जुलै १९८४, त्या लाइनअपचा शेवटचा कॉन्सर्ट. दोन गिटार एकमेकांपासून हळूच निसटतात आणि परत जुळतात त्यातला फ्रिपचा अर्धा भाग कुठला हे कानात पक्कं असेल तरच वायने तिथे काय केलंय ते कळेल.