ग्राफिक्स कार्ड गेलंय की नुसतं रुसलंय?
गेम खेळताना स्क्रीनवर रंगीत चौकोन नाहीतर पट्टे यायला लागले की लगेच नवीन कार्डाच्या किमती बघत बसू नका. आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा सेटिंगचा स्क्रीन) जा, तिथेही पट्टे दिसले तर ड्रायव्हरचा (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) संबंधच नाही, केबल आणि मॉनिटर बदलून बघा, तरी तेच असेल तर बहुतेक कार्डच गेलंय. बायोस स्वच्छ दिसतंय? मग विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ड्रायव्हर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर उडवून नवा टाका.

गेम सुरू झाला की अख्खा पीसीच बंद पडतो? पॉवर बघा. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट, एका ८ पिनच्या पॉवर कनेक्टरमधून १५० वॉट मिळतात, म्हणून दोन कनेक्टर असतील तर दोन वेगळ्या केबल लावा. आणि हो, मेन स्विच बंद करून कार्ड काढून परत घट्ट बसवा, माझं एवढ्यानंच सुरू झालं होतं, आठवडाभर उगाच डोकं खाजवत होतो. ओव्हनमध्ये कार्ड भाजायचे व्हिडिओ मात्र बघून सोडून द्या.