क्ष-किरण तंत्रज्ञ व्हायचे असेल तर: पदवीची निवड, शिक्षण आणि नोंदणी

प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने आणि पालकांनी एक फरक नीट समजून घ्यावा. रेडिओलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि प्रतिमा वाचून अहवाल देणे हे त्याचे काम असते. ती प्रतिमा प्रत्यक्ष घेणारा, रुग्णाला टेबलावर योग्य स्थितीत आणणारा, यंत्रावरची मूल्ये ठरवणारा आणि त्या खोलीतील किरणोत्सर्गाची जबाबदारी वाहणारा तो तंत्रज्ञ. एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व उपचार होतात ती खोली) ही त्याची कार्यक्षेत्रे आहेत. सोनोग्राफी त्यांत येत नाही; गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे आपल्याकडे ती तपासणी पात्र आणि नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची असते. त्यामुळे ‘कोर्सनंतर स्वतःचे सोनोग्राफी सेंटर काढा’ असे सांगणारी जाहिरात दिसली, तर त्या संस्थेचा विचार तिथेच सोडून द्यावा.

महाराष्ट्रात पदवीचे प्रमुख मार्ग दोन आहेत. पहिला नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) या पदवीचा, ज्यात रेडिओग्राफिक टेक्निशियन ही एक शाखा आहे. दुसरा अभिमत व खासगी विद्यापीठांच्या बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग किंवा तत्सम नावाच्या पदव्यांचा. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीचे एम्स आणि चंडीगडचे पीजीआय यांच्या प्रवेशपरीक्षा अवश्य द्याव्यात. जागा थोड्या असतात, पण तिथे रुग्णांची संख्या आणि आजारांचे वैविध्य मोठे आहे. पात्रता सर्वसाधारणपणे बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रासह, अशी असते. प्रवेशाची पद्धत मात्र बदलत राहते, म्हणून मोठ्या भावंडाच्या अनुभवावर विसंबू नये. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवास ही प्रमाणपत्रे बारावीच्या वर्षातच काढून ठेवावीत, कारण अनेकांची जागा गुणांमुळे नव्हे तर कागदांमुळे जाते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवरील मुदत पाहून वेळेत अर्ज करावा.

पदविका की पदवी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने याला चौकट दिली आहे. या कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचे शिक्षण दोन ते चार वर्षांत, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान 3600 तासांचे शिक्षण तीन ते सहा वर्षांत पूर्ण झालेले असावे लागते. कायद्याच्या परिशिष्टात क्ष-किरण व प्रतिमांकन तंत्रज्ञांचा वर्ग स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. सहा महिन्यांत ‘एक्स-रे टेक्निशियन’ करून देणाऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि घरची परिस्थिती बेताची असलेली मुलेच अशा वर्गांना बळी पडतात, याचे मला फार वाईट वाटते. पैसे कमी असतील तर शासकीय महाविद्यालयातील जागेसाठी एक वर्ष थांबणेही त्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

आता महाविद्यालयाच्या निवडीकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्या शिक्षणाचे भवितव्य इथेच ठरते. हा व्यवसाय हाताने शिकायचा आहे. वर्गखोल्या कितीही चकचकीत असल्या तरी ज्या रुग्णालयात विद्यार्थी उभा राहणार ते रिकामे असेल, तर पदवी हाती येते आणि हात कोरेच राहतात. म्हणून इमारत पाहू नये, विभाग पाहावा. कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रेडिओलॉजी विभागात जावे. बाहेर रुग्णांची रांग आहे का, एक्स-रेची किती यंत्रे प्रत्यक्ष चालू आहेत, सीटी आणि एमआरआय संस्थेच्या स्वतःच्या आहेत की बाहेरच्या कंपनीने चालवलेल्या आणि विद्यार्थ्यांना तिथे प्रवेश आहे की नाही, एका यंत्रामागे किती विद्यार्थी उभे राहतात, हे डोळ्यांनी पाहावे. यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी कोण आहे, हे विचारायला संकोच करू नये. विद्यार्थ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज (अंगाला लागलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) आहेत का तेही पाहावे; नसतील तर परत फिरावे. समुपदेशकाशी बोलण्याऐवजी तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी चहाच्या टपरीवर बोलावे आणि एकच प्रश्न विचारावा: तुम्ही स्वतः किती एक्स-रे काढले आणि किती नुसते पाहिले?

प्रवेश झाल्यावर सुरुवातीच्या काळात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि किरणोत्सर्गाचे भौतिकशास्त्र यांवर भर असतो. शरीररचना पाठांतराने सुटते असे समजू नये. हाडाचे नाव वाचले की स्वतःच्या शरीरावर ते चाचपून पाहावे, कारण पुढे खुब्याचा एक्स-रे काढताना बोटांना जे सापडते त्यावरच सारे अवलंबून असते. भौतिकशास्त्रात केव्हीपी (नळीला दिलेला विद्युतदाब) आणि एमएएस (नळीतील विद्युतप्रवाह गुणिले वेळ) या दोन मूल्यांवर पक्की पकड हवी. केव्हीपी किरणांची भेदनशक्ती ठरवते, एमएएस त्यांचे प्रमाण. केव्हीपी 15 टक्क्यांनी वाढवली तर प्रतिमेवरचा परिणाम एमएएस दुप्पट केल्यासारखा होतो, हा नियम रोज लागतो. फिल्मच्या काळात जास्त एक्स्पोजर दिले की फिल्म काळी पडे आणि चूक लगेच उघडी होई. डिजिटल यंत्रात संगणक ती चूक झाकतो, प्रतिमा उलट अधिक स्वच्छ दिसते आणि रुग्णाला विनाकारण किरणोत्सर्गाची जास्त मात्रा मिळते. म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत दिसणारा एक्स्पोजर इंडेक्स (डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले हे सांगणारा आकडा) पाहण्याची सवय रुग्णालयातल्या पहिल्या पोस्टिंगपासून लावून घ्यावी.

पोझिशनिंग, म्हणजे रुग्णाला योग्य स्थितीत आणणे, हा या शिक्षणाचा गाभा आहे. छातीच्या साध्या एक्स-रेचेच उदाहरण घेऊ. रुग्ण डिटेक्टरकडे (प्रतिमा टिपणाऱ्या पाटीकडे) तोंड करून उभा राहतो, किरण सोडणारी नळी साधारण 180 सेंटिमीटर अंतरावर मागे असते. यामुळे हृदय डिटेक्टरच्या जवळ येते आणि त्याचा आकार फुगून दिसत नाही. हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे ढकललेले, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. माळ, मंगळसूत्र, ताईत काढायला लावायचे, पण ते मागताना आवाजात आदर हवा आणि ते कुठे ठेवले हे रुग्णाला दाखवायला हवे. बाजूची खूण एक्स्पोजरपूर्वीच लावायची, नंतर संगणकावर नाही. ‘आजी, खोल श्वास घ्या, धरून ठेवा’ असे म्हटल्यावर लगेच बटण दाबू नये. छाती खरोखर फुगली आहे का हे काचेतून पाहावे. प्रतिमा आल्यावर श्वासपटलाच्या वर मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या मोजता याव्यात आणि दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोके मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर असावीत. एवढे जमले तर श्वास आणि सरळपणा दोन्ही बरोबर आहेत. अशा तपासण्या लॉगबुकात (केलेल्या कामाच्या नोंदवहीत) केवळ संख्या म्हणून न भरता, कोणती प्रतिमा पुन्हा काढावी लागली आणि का, हेही लिहीत जावे.

किरणोत्सर्ग सुरक्षेचा विषय परीक्षेपुरता वाचणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की तो जन्मभर लागतो. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसे, ही तीन सूत्रे आहेत आणि त्यांतले अंतर सर्वांत स्वस्त आहे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. भारतात किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्यासाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही कमाल मर्यादा आहे. टीएलडी बॅज छातीवर, लेड अॅप्रनच्या आत लावायचा असतो. तो दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी जातो आणि आपला अहवाल मागून पाहणे हा तुमचा हक्क आहे. अॅप्रन घडी घालून कधीही ठेवू नये, आतल्या थराला भेगा पडतात. रडणारे मूल धरून ठेवायला विद्यार्थ्याला उभे करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती चुकीची आहे. आधी धरपट्ट्या वापराव्यात आणि अगदीच गरज पडली तर गरोदर नसलेल्या नातेवाइकाला अॅप्रन घालून उभे करावे. हे नम्रपणे पण ठामपणे सांगायला शिकावे.

पुढील वर्षांत सीटी आणि एमआरआय येतात. सीटीत कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे औषध) देण्यापूर्वी ॲलर्जी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) तपासण्याची शिस्त लागते. एमआरआयमध्ये आयनकारी किरणोत्सर्ग नाही, पण चुंबक सदैव चालू असतो, तपासणी चालू नसतानाही. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाचा जीव गेला. दारावर उभा असलेला तंत्रज्ञ कोणाला आत सोडतो, हाच तिथला खरा सुरक्षा-नियम आहे. वॉर्डातला कर्मचारी, नातेवाईक, अगदी वरिष्ठ डॉक्टर असले तरी खिसे तपासल्याशिवाय कोणालाही आत जाऊ देऊ नये.

शेवटच्या टप्प्यातील आंतरवासिता (इंटर्नशिप) अनेक जण घराजवळच्या लहान सेंटरमध्ये काढू पाहतात, कारण तिथे सुट्ट्या सहज मिळतात. शक्य असेल तर अपघात विभाग असलेले मोठे रुग्णालय घ्यावे आणि रात्रपाळी मागून घ्यावी. मानेला पट्टा लावलेल्या रुग्णाला न हलवता एक्स-रे कसा काढायचा हे दिवसा क्वचितच शिकायला मिळते. वॉर्डात जाण्याआधी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करून घ्यावी.

पदवीनंतर या व्यवसायाच्या राज्यातील परिषदेकडे नोंदणी करावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या भरतीत हे पद ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ या नावाने निघते, त्यामुळे जाहिराती शोधताना तेही नाव टाकून पाहावे. परदेशाचा विचार असणाऱ्यांनी देशागणिक वेगळा मार्ग धरावा लागतो हे लक्षात घ्यावे. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणारी संस्था बाहेरच्या पदवीधरांचे अर्ज अभ्यासक्रम तपासून स्वीकारते, तर अमेरिकेत एआरआरटी या तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा देण्यासाठी त्या संस्थेने मान्य केलेल्या कार्यक्रमातून शिक्षण झालेले असावे लागते, त्यामुळे भारतीय पदवीवर तिथे थेट काम मिळेल असे गृहीत धरू नये. दोन्हीकडे प्रत्येक विषयाचे आणि क्लिनिकल पोस्टिंगचे तास दाखवावे लागू शकतात. म्हणून महाविद्यालय सोडण्यापूर्वीच अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत, तासांचा तपशील आणि लॉगबुकाची साक्षांकित नक्कल घेऊन ठेवावी. विभागप्रमुख बदलल्यावर हीच कागदपत्रे मिळवायला महिने लागतात.