तारीख लग्नाची नव्हे, हळदीची धरा

नवरीच्या तयारीचं वेळापत्रक बहुतेक घरांत लग्नाच्या तारखेपासून मागे मोजलं जातं. पण मेंदी, चुडा आणि हळद त्या तारखेच्या आधीच उरकतात, आणि त्वचेला सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते याच दोन-तीन दिवसांत. आगरी-कोळी घरांत तर हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते. म्हणून कॅलेंडरवर खूण हळदीच्या दिवशी करा आणि त्या दिवसापासून मागे या.

सहा ते आठ महिने हातात असतील तर ज्या कामांना घाई चालतच नाही ती आधी घ्या. लेझरने केस कमी करायचे असतील तर साधारण सहा ते आठ वेळा जावं लागतं आणि दोन खेपांत चार ते सहा आठवडे सोडावे लागतात. मधल्या काळात वॅक्स किंवा थ्रेडिंग बंद, फक्त रेझर, कारण लेझर मुळाशी असलेल्या केसावर काम करतो आणि तो उपटला की काम करायला काही उरत नाही. उन्हाने रापलेल्या त्वचेवर लेझर घेतला तर भाजल्याचे डाग पडू शकतात. नाक टोचायचं असेल तर तेही आताच, कारण नाकपुडी आतून पूर्ण भरायला चार ते सहा महिने लागतात. महिन्याभरापूर्वी टोचलेल्या नाकात मोत्यांची जड नथ घातली तर भर मांडवात नाक सुजतं. तेवढा वेळ नसेल तर सरळ दाबाची नथ घ्या आणि घरी तासभर घालून बघा.

तीन ते चार महिने आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा जाच. पार्लरच्या पॅकेजमधले पैसे थोडे कमी करून इथे खर्च केलेले बरे, असं आमचं ठाम मत आहे. मुरुमांच्या कोणत्याही उपचाराला फरक दाखवायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि ॲडापलीनसारख्या मलमाने पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर वॅक्स करू नका, वरची त्वचा सोलून निघते. गोळ्या थांबल्यावरही किती महिने थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्नाची तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा ती यासाठी.

ठाणे-वाशीच्या दमट हवेत पाठीवर आणि मानेवर शिबं उठणं नेहमीचंच. मागून खोल गळ्याचं ब्लाऊज शिवायला टाकल्यावर ती आठवतात, तेव्हा उशीर झालेला असतो. औषधाने बुरशी दोन-तीन आठवड्यांत मरते, पण फिकट पडलेल्या जागेचा रंग परत यायला महिने लागतात. मान आणि काखेचा मखमलीसारखा जाडसर काळेपणा घासून जात नाही. त्यामागे बऱ्याचदा वाढलेलं वजन आणि शरीरातल्या इन्सुलिनची गडबड असते, म्हणून स्क्रबऐवजी रक्ततपासणी करा. त्याच खेपेला हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडही बघून घ्या, म्हणजे केसगळतीचं कारण कळू शकतं.

औषधाच्या दुकानात मैत्रिणीने सुचवलेली 'गोरं करणारी' ट्यूब मागू नका. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात आणि मलम थांबवलं की आग होते. नाव-पत्ता नसलेल्या डबीतल्या क्रीममध्ये पारा असू शकतो आणि तो मूत्रपिंडाला घातक आहे. मुळात नवरीचा रंग बदलायचा नसतोच. आपलाच रंग सगळीकडे एकसारखा आणि नितळ दिसला की झालं.

रोजचं काम मोजकं ठेवा. सौम्य फेसवॉश दोनदा, मॉइश्चरायझर आणि सकाळी एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन. प्रमाण दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल तेवढं, चेहरा आणि मानेला मिळून. वाटाण्याएवढं लावलं तर डबीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. घोडबंदर रोडची धूळ किंवा पाम बीच रोडवरचं ऊन अंगावर घेत स्कूटीवरून जात असाल तर तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुतलेला हवा. हनुवटीवर आणि जबड्यावर सतत येणाऱ्या बारीक पुळ्यांचं मूळ पुष्कळदा त्या घामट स्कार्फमध्ये सापडतं. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये दिवसभर एसीत बसणाऱ्या मुलींची त्वचा कोरडी पडते. त्यांनी मॉइश्चरायझर दुपारी पुन्हा लावावं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर साबणाचा थर अंगावर आणि केसांत राहतो, तेव्हा शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. आणि लिंबू चोळणं बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की काळे चट्टे उठतात, ते जायला महिने जातात.

वजनासाठी उपाशी राहायचा मोह या काळात फार होतो. अचानक जेवण तोडलं की केस लगेच गळत नाहीत, दोन ते तीन महिन्यांनी गळतात, म्हणजे नेमके अंबाड्याच्या वेळी. केळवणं मात्र नाकारू नका. तिथे गोड एकच वाटी घ्या आणि बाकीच्या जेवणांत डाळ, उसळ, अंडी किंवा मासे भरपूर ठेवा.

दीड महिना ते चार आठवडे उरले की चाचण्या उरका, त्यानंतर नवीन काही नाही. मेकअपची ट्रायल शालूच्या ब्लाऊजच्या रंगाचा कपडा घालून करा आणि चेहरा खिडकीतल्या उजेडात तपासा. पार्लरच्या पिवळ्या दिव्यात फाउंडेशन जुळल्यासारखं वाटतं आणि हॉलमध्ये मान वेगळी, चेहरा वेगळा दिसतो. ट्रायलचा मेकअप सहा तास तसाच ठेवा, म्हणजे घामात किती टिकतो तेही कळेल. खोट्या पापण्यांचा डिंक, केसांचा रंग आणि मेंदीचा कोन यांचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा. खोट्या दागिन्यांतल्या निकेलने खाज सुटते, म्हणून ठुशी आणि कानातलीही घरी घालून बघा. टिकलीच्या डिंकाने कपाळावर पांढरा डाग पडतो, तसा थोडाही दिसला तर लगेच ओल्या कुंकवाकडे वळा. केमिकल पील शेवटचं करायचं तर याच टप्प्यात. पाळी पुढे ढकलायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आताच भेटा. नेहमीच्या गोळ्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू होतात आणि अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास असेल तर त्या चालतीलच असं नाही.

आता शेवटचा आठवडा. रविवारी लग्न, शनिवारी संध्याकाळी हळद असं धरू. फेशियल आधीच्या रविवारी, तेही पूर्वी केलेलंच. मंगळवारी वॅक्स, बुधवारी थ्रेडिंग आणि हातापायांचं मॅनिक्युअर-पेडिक्युअर. ब्लीच या आठवड्यात नको. हा क्रम उलटा करू नका. मेंदी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराला रंगवते, आणि वॅक्स किंवा पेडिक्युअर तोच थर काढतं. मेंदी गुरुवारी संध्याकाळी. त्या दिवशी हाताला लोशन, तेल, सनस्क्रीन काही नाही. सहा ते आठ तास ठेवा, सुकली की खरवडून काढा आणि शुक्रवारी जमेल तितकं पाणी टाळा. काढल्यावर रंग नारिंगी दिसतो म्हणून घाबरू नका, गडद व्हायला २४ ते ४८ तास लागतात. अर्ध्या तासात काळी होणारी मेंदी लावूच नका. त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं, त्याने फोड येऊन व्रण राहू शकतात. चुडा शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी भरा. कासार हात दाबून बांगड्या चढवतो, ओल्या किंवा ताज्या मेंदीवर ते झालं तर नक्षी फिसकटते. या दिवसांत मोठा मुरूम उठलाच तर फोडू नका. त्वचारोगतज्ज्ञ त्यात इंजेक्शन देऊन दोन-तीन दिवसांत बसवू शकतात.

हळद तयार पावडरीची नको. चकचकीत पिवळेपणासाठी तिच्यात घातक रंगाची भेसळ असू शकते. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून हळकुंडं आणून दळून घ्या आणि वस्त्रगाळ करा, जाड कण गालावर ओरखडे काढतात. हळद लावण्याआधी चेहरा, मान आणि हातांना खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा, रंग कमी चढतो. नवऱ्याकडून येणाऱ्या उष्ट्या हळदीत काय कालवलंय ते आपल्याला माहीत नसतं. तिचा मान ठेवून पायाला आणि गालाला बोट लावा, बाकी घरची हळद. आंब्याच्या पानाने लावताना पान टेकवायचं, ओढायचं नाही, हे मावश्यांना आधीच सांगून ठेवा, आणि तळहात चोळायचे नाहीत हेही. हळद उतरवताना थेट साबण लावू नका. साबणाच्या क्षाराने हळद लालसर होते आणि तो रंग नखांच्या कडांत बसतो. आधी तेलाने पुसा, मग बेसन-दूध, शेवटी सौम्य फेसवॉश.

केस शनिवारी हळद उतरली की धुवा, रविवारी सकाळी नाही. ताजे धुतलेले केस निसटतात आणि खोप्यातल्या पिना धरत नाहीत. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी तीन तास मेकअपला बसायची तयारी ठेवा. लेन्स वापरत असाल तर मेकअपच्या आधी घाला आणि होमाच्या धुरात त्रास झाला तर बदलायला चष्मा करवलीच्या पर्समध्ये असू द्या. त्याच पर्समध्ये टिश्यू, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक, सेफ्टी पिना आणि मुंडावळ्यांचा दोरा काचला तर लावायला थोडं पेट्रोलियम जेली. घाम टिपायचा, पुसायचा नाही.

रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप न उतरवता झोपू नका. खोबरेल तेल किंवा क्लेन्सिंग बामने आधी डोळे, मग चेहरा, नंतर फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. खोट्या पापण्या ओढून काढू नका, तेलाचा बोळा मिनिटभर धरला की डिंक सुटतो. स्प्रेने कडक झालेले केस विंचरण्याआधी कंडिशनर लावून धुवा, आणि सत्यनारायणाच्या पूजेच्या सकाळी फक्त सनस्क्रीन आणि काजळ.