एचएलएच सापडला तरी शोध थांबवू नका: मेडिसिनच्या नवीन जेआरसाठी (ज्युनियर रेसिडेंटसाठी)

सोलापुरात मेडिसिनला नवीन आलेल्यांसाठी लिहितोय, बेसिक येतं असं धरून. विषय एचएलएच (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, म्हणजे बेभान झालेली इम्युनिटी) आणि त्यामागे लपणारी हिस्टोप्लाझ्मा बुरशी. खूप दिवसांचा ताप, प्लीहा वाढलेली, सीबीसीत तिन्ही पेशी खाली, असा पेशंट आला की आपण डेंग्यू, टायफॉईड, टीबी बघतो, ते बरोबरच आहे. पण फेरिटिन पहिल्याच दिवशी पाठवा, आणि ताप तसाच असून ईएसआर उतरतोय म्हणून खूश होऊ नका, फायब्रिनोजेन संपत आलं की तो पडतोच.

पुढं एचएलएचच्या २००४ च्या आठपैकी पाच निकष जुळले, मॅरोत हिमोफॅगोसायटोसिस (मॅक्रोफेज रक्तपेशी गिळताना) दिसलं, की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. घात इथंच होतो. आमच्या एका पेशंटचे त्यात मोलाचे दिवस गेले, अजून जीवाला लागतं. एचएलएच म्हणजे इम्युनिटी बेभान झाली एवढंच, तिला कोणी चिथवलं ते कळायचं बाकीच असतं. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी २ ते ४ मायक्रॉनची, आणि लपते कुठं, तर रक्तपेशी गिळणाऱ्या त्याच मॅक्रोफेजमध्ये! दिसते लिश्मानियासारखी (काळा आजाराचा परजीवी), पण त्याच्यात केंद्रकाशेजारी दिसणारा ठिपका, कायनेटोप्लास्ट, हिच्यात नसतो आणि जीएमएस या बुरशीच्या स्टेनला काळी उठते. म्हणून मॅरो काढतानाच फंगल कल्चरला वेगळा नमुना घ्या आणि पॅथॉलॉजीत स्वतः जाऊन जीएमएस सांगा. फॉर्मवर नुसतं पॅनसायटोपेनिया लिहिलं तर समोरचा बुरशी कशाला शोधेल? कल्चरला काही आठवडे लागतात, तोवर युरिन अँटिजेन आणि सीटीत ॲड्रिनल बघा. एचआयव्ही टेस्ट तर हवीच.

व्हॉट्सॲपवरचे एकपानी प्रोटोकॉल मला अजिबात पटत नाहीत, त्यात डेक्साचा (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा) डोस असतो, ट्रिगरचं, म्हणजे चिथवणाऱ्याचं नाव नसतं. अँटीफंगलशिवाय नुसतं स्टेरॉइड दिलं तर बुरशीला रान मोकळं. शिकवणारा गाइड मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, तुमच्याबरोबर स्लाइड बघणारा हवा.

हिस्टरीला वेळ द्या. अक्कलकोटकडची आजी कन्नडमध्ये सांगते, पूर्व भागातले घरचे तेलुगूत, सिस्टरना किंवा मावशींना सोबत घ्या आणि पोल्ट्री, कबुतरं, वटवाघळं, जुना वाडा पाडणं हे बुरशीच्या संपर्काचे मार्ग नाव घेऊन विचारा.

घाबरू नका, वेळेत पकडलं तर पेशंट बरे होतात. लिपोसोमल अँफोटेरिसिन (अँटीफंगल) रोज ३ मिग्रॅ प्रति किलो, ५% डेक्स्ट्रोजमध्येच, सलाईनमध्ये कधीच नाही, पोटॅशियम-मॅग्नेशियम-क्रिएटिनिनवर लक्ष. नंतर साधारण वर्षभर इट्राकोनाझोल. कॅप्सूल जेवणासोबत, आणि डिस्चार्ज कार्डवर सवयीनं लिहिलेलं पँटोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) आधी खोडा, पोटात ॲसिड नसलं तर कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही.