अवतार पापण्या मिटत नसेल, तर आधी दिवा हलवा

वेबकॅमने टिपलेल्या तुमच्या चेहऱ्याच्या हालचालींनुसार हलणारे आभासी पात्र (अवतार) अडखळू लागले, की बहुतेक जण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरतात. दोष मात्र बहुधा खोलीतल्या उजेडाचा असतो. प्रकाश कमी पडला की अनेक वेबकॅम प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ घेतात, त्यामुळे सेकंदाला ३० फ्रेमचा वेग गुपचूप १५ वर उतरतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागातही उरकू शकणारी पापणीची उघडझाप एखाद-दुसऱ्या पुसट फ्रेममध्ये हरवते. म्हणून दिवा पाठीमागे न ठेवता मॉनिटरच्या मागे, चेहऱ्यासमोर ठेवावा (चष्मा असल्यास थोडा वर किंवा बाजूला, म्हणजे काचेवरची चकाकी डोळे झाकणार नाही) आणि सोय असेल तर कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ द्यायचा हे कॅमेऱ्याने आपोआप ठरवणे) बंद करावे.

कॅलिब्रेशन, म्हणजे सॉफ्टवेअरला तुमच्या चेहऱ्याची मूळ स्थिती ओळखवून देणे, त्यानंतरच करावे, तेही नेहमीच्या बैठकीत आणि चेहरा निर्विकार ठेवून. त्या क्षणी ओठांवर हसू असेल, तर सॉफ्टवेअर त्या हसण्यालाच शून्य धरते आणि तुम्ही नुसते शांत बसलात तरी पात्र रुसल्यासारखे दिसू लागते. हालचाल तरीही थरथरत असेल तर स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) वाढवावे, पण बेतानेच. ते जितके वाढेल तितके पात्र तुमच्या मागे रेंगाळते.