मृगाआधी पेटी बंद: कोल्हापुरात क्रीडा-कार्डं वर्षानुवर्षं कशी जपावीत

कोल्हापुरात खेळाडूंच्या कार्डांची पेटी, म्हणजे हवाबंद डबा, भरायची ती होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात. दुपारची हवा तेव्हा कोरडी असते आणि हिवाळाभरात कागदानं आतली ओल बरीचशी सोडलेली असते. एप्रिल-मेत वळीव सुरू झाला की संधी गेली. आषाढात भरलेली पेटी म्हणजे ओलीलाच कुलूप लावून जपणं.

याचं गणित कागदात आहे, हवेत नाही. साधं कार्ड ६३.५ × ८९ मिलिमीटरचं, वजनाला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. हजार कार्डं म्हणजे पावणेदोन किलो कागद. पावसाळ्यात सादळलेला कागद आणि उन्हाळ्यात सुकलेला कागद यांच्या वजनात तीन-चार टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे हजार कार्डांत ५० ते ७० ग्रॅम पाणी. याउलट वीस लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असतं. म्हणून सादळलेली कार्डं डब्यात घालून वर सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकणं हा निव्वळ मनाचा खेळ आहे. तेवढी ओल ओढायला पाव किलोहून जास्त जेल लागेल. कार्डं आधीच कोरडी असतील तर मात्र १०० ग्रॅम जेल एक पावसाळा आरामात काढतं, कारण मग त्याला फक्त झाकणाच्या फटीतून शिरणारी ओल सांभाळायची असते.

जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल भरली की ते हिरवं होतं. निळं-गुलाबी होणारं टाळा. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. हिरवं पडलेलं जेल स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. जास्त तापवलं तर रंगाचा भाग करपतो. डब्यात ठेवताना ते पातळ सुती पुरचुंडीत बांधा, म्हणजे त्याची भुकटी कार्डांवर बसणार नाही.

डब्यात आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर हवाच. दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि बऱ्याचदा पाच-सात टक्क्यांनी खोटं बोलतो, त्यामुळे आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या. त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. टोपण आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत बारा तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर मीटर पाच कमी दाखवतो, हे मागं चिकटपट्टीवर लिहून ठेवा. डब्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता हवी. साठच्या वर सलग आठवडे गेले की बुरशीला आमंत्रण, आणि तीसच्या खाली गेलं तर चकचकीत कार्डं वाकतात.

या फॉइलच्या कार्डांचं दुखणं वेगळंच. पुढचा चकचकीत थर ओल घेत नाही, मागचा कागद घेतो. दमट हवेत कागद फुगतो आणि कार्ड फॉइलच्या बाजूनं आत वळतं. फार कोरड्या हवेत नेमकं उलटं होतं. वाकलेल्या कार्डावर इस्त्री फिरवू नका, जाड पुस्तकंही ठेवू नका. स्लीव्ह (मऊ पारदर्शक पिशवी) आणि टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं पाकीट) घालून ४५ ते ५० टक्क्यांच्या डब्यात दोन-तीन आठवडे ठेवा, बरंचसं सरळ होतं. आयपीएलच्या क्रिकेट अटॅक्समधली चमकणारी कार्डं असोत की फुटबॉलची परदेशी कार्डं, नियम तोच.

आवरण

पहिलं आवरण मऊ स्लीव्ह, आणि ती पॉलिप्रॉपिलीनची. मऊ पीव्हीसी नको. ते लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घातलेली असतात. काही वर्षांत ती बाहेर झिरपतात, पान चिकट होतं आणि शाई उचलून घेतं. स्टेशनरीच्या दुकानातले जुन्या पद्धतीचे अल्बम आणि नव्या रेनकोटसारखा वास मारणारी पानं बहुधा याच जातीची. शंका असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हा प्रयोग खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो. कडक टॉपलोडरही बहुतेक पीव्हीसीचेच असतात, पण त्यांत ती तेलकट रसायनं फारशी नसतात. तरीही उघडं कार्ड थेट टॉपलोडरमध्ये घालू नका. आत स्लीव्ह हवीच, नाहीतर प्रत्येक वेळी घालता-काढताना पृष्ठभागावर चरे पडतात.

कार्ड घालताना कोपरा दुमडतो तो स्लीव्हच्या तोंडाशी. तिथल्या एका कोपऱ्याला कात्रीनं पाच मिलिमीटरचा तिरका छेद द्या, तोंड मोकळं होतं. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा आणि कार्ड कडांना धरा. सुती हातमोज्यांची गरज नाही, त्यांनी पकड सुटते. टॉपलोडरचं तोंड बंद करायला पारदर्शक सेलोटेप वापरू नका, तिचा गोंद पुढं पाझरतो. रंगकामाची मास्किंग टेप बरी, टोक दुमडून ठेवलं की सोलायला सोपी. रबरबँड तर घरातच नको; तो कडांना खाच पाडतो आणि उन्हाळ्यात वितळून डाग ठेवतो.

टॉपलोडरची जाडी ‘पॉइंट’मध्ये मोजतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर पुरतो. जर्सीचा तुकडा बसवलेलं जाड कार्ड १३० पॉइंटपर्यंत, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या पुढं जातं. अंदाजानं घेऊ नका, मोजा. उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात जाडी मोजायचा व्हर्नियर मागायला लांब जावं लागत नाही. सैल आवरणात कार्ड हलून कोपरे झिजतात, घट्ट आवरणात पृष्ठभागावर दाब उमटतो.

बाइंडर घ्यायचाच तर इंग्रजी ‘डी’ आकाराच्या कड्यांचा घ्या. गोल कड्यांवर आतल्या रांगेतली कार्डं दाबून चंद्रकोर उमटते. तो उभा ठेवा, गच्च भरू नका, आणि किमती कार्डं त्यात ठेवूच नका. लॅमिनेशन कायमचं असतं, त्यामुळे तो विचारही नको. फुटबॉल विश्वचषकाचे पानिनीचे स्टिकर न सोलता सपाट ठेवा. त्यांच्या गोंदाला उष्णता सोसत नाही.

ग्रेडिंग करून, म्हणजे दर्जा ठरवून, प्लास्टिकच्या पेटीत बंद होऊन आलेलं कार्ड सुरक्षित, असा समज पक्का आहे. ती पेटी छेडछाड ओळखण्यासाठी असते. ती जलरोधक नाही आणि ओलही तिच्यात हळूहळू शिरते, म्हणून तीही डब्यातच.

जागा

कौलारू किंवा पत्र्याच्या घराचा माळा बाद. वैशाखात तिथं भट्टी असते आणि पावसात गळती. न्हाणीघराला लागून असलेली भिंत बाद, पश्चिमेची पाऊस झेलणारी भिंतही बाद. लोखंडी कपाट चालतं, पण भिंतीपासून तीन-चार इंच पुढं ओढा आणि डबा मधल्या खणात ठेवा. आत कापूर, कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या काही नको. पाल्यातून ओल आणि डाग येतात, डांबरगोळ्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. कसर येते ती ओलीमागं. ओल आवरली की तीही आवरते. वर्तमानपत्राचं अस्तर हा कसरीचा आवडता खाऊ, तेही काढा.

डब्यात कार्डं उभी लावा, वर बोटभर जागा सोडा. रांग अर्धवट असेल तर उरलेल्या जागेत कोरी कार्डं किंवा फोमचा तुकडा घाला, नाहीतर कलून कलून सगळी एका बाजूला वाकतात.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पंचगंगेचा हिशेब वेगळा ठेवावा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढं गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांत डबा ३९ ला वर हलवायचा, ४३ ची वाट बघायची नाही. हवाबंद डबा बुडाल्यावर हवाबंद राहत नाही, शिवाय तरंगून उलटतो. म्हणून आत प्रत्येक गठ्ठा वेगळ्या झिपच्या पिशवीत हवा.

तरीही भिजलीच तर पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. एकमेकांना चिकटलेली चकचकीत कार्डं तशीच वाळू देऊ नका. वाळली की पृष्ठभागाचा पापुद्रा दुसऱ्या कार्डावर जातो. ओली असतानाच स्वच्छ पाण्यात सोडवा, टिपकागदावर एकेक पसरा, पंखा लावा पण झोत थेट नको, ऊन आणि हेअर ड्रायर तर मुळीच नको. जवळपास सुकली की कोऱ्या टिपकागदांच्या मध्ये हलक्या वजनाखाली ठेवा. एवढी सगळी एका दिवसात होणार नसतील तर लहान गठ्ठे पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. बुरशी थांबते, आणि सवडीनं एकेक गठ्ठा काढून सोडवता येतो.

सहीच्या कार्डांना ओलीइतकाच उजेड मारतो. नेमबाज स्वप्नील कुसाळेची सही घेतलीत तर ती दिवसभर उघडी वाळू द्या, मगच स्लीव्ह चढवा, आणि दर्शनी भिंतीवर मूळ कार्डाऐवजी रंगीत प्रत लावा. खासबागेच्या कुस्त्यांची जुनी पत्रकं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती कार्डांच्या डब्यात घालू नयेत. तो स्वस्त कागद आम्लधर्मी असतो, स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पाडतो. त्यांना पॉलिस्टरच्या वेगळ्या पाकिटात, घडी न घालता ठेवा.

तरण्या-म्हाताऱ्या पावसात डबा उघडू नका; आकडा बाहेरून दिसेल असा मीटर पारदर्शक भिंतीला टेकवून ठेवा. दसऱ्यानंतर कोरडी दुपार बघून उघडा. आधी नाकानं तपासा, कुबट वास आला तर बुरशी कुठंतरी आहेच. ते कार्ड शोधून वेगळं काढा, बाकीच्यांची स्लीव्ह बदला, जेल तापवा. त्याच दिवशी नव्या कार्डांचे पुढून-मागून फोटो काढून यादीत क्रमांक आणि डब्याचं नाव चढवा, आणि यादीची एक प्रत घराबाहेर, निदान मोबाइलच्या क्लाउडवर असू द्या.